घोड्याच्या रक्तापासून पेशीच्या पात्रापर्यंत : महाराष्ट्रातील प्रतिपिंडनिर्मिती

घटसर्प, धनुर्वात, सर्पदंश आणि पिसाळलेल्या कुत्र्याचा चावा या चार संकटांवर गेली सव्वाशे वर्षे जी इंजेक्शने दिली गेली, त्या सर्वांतला गुणकारी पदार्थ एकच आहे, तो म्हणजे प्रतिपिंड. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे हे प्रथिन विषाच्या किंवा विषाणूच्या रेणूला चिकटते आणि त्याला निष्प्रभ करते. महाराष्ट्रात त्याच्या निर्मितीची बीजे परळच्या प्रयोगशाळेत पडली. पुढे पिंपरी आणि हडपसरच्या तबेल्यांत हा उद्योग वाढला आणि एकविसाव्या शतकात पुण्यात पेशींच्या पात्रापर्यंत पोचला. प्रतिपिंड कोणत्या पेशीत आणि किती तयार होणार, याचा पहिला निर्णय मात्र प्रत्येक टप्प्यावर एकाच ठिकाणी होत आला आहे. जनुकाच्या आरंभी डीएनएचा एक छोटा तुकडा असतो, त्याला प्रवर्तक म्हणतात. तबेल्यात काम करणाऱ्या पिढ्यांना या तुकड्याचे नावही ठाऊक नव्हते. पेशींकडून प्रतिपिंड बनवून घेणाऱ्यांना मात्र तो स्वतः निवडावा लागतो.

गरज

प्रतिपिंडांची सर्वांत मोठी गरज शेतात निर्माण होते. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे पर्जन्यछायेतले गाव. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने तेथे पाणलोटाची कामे झाली, विहिरींना पाणी आले आणि कोरडवाहू रानात बागायत उभी राहिली. बागायत आली की पिकाला पाणी देणे आले आणि शेतीपंपाची वीज रात्री असेल तर दारे धरायलाही रात्रीच जावे लागते. पाटाच्या कडेने, वाफ्यातल्या ओलाव्यात, अंधारात अनवाणी चालणाऱ्या माणसाचा पाय घोणशीवर किंवा नागावर पडण्याची भीती तेव्हाच सर्वाधिक. बाजरी-ज्वारीची काढणी, कडब्याची गंज हलवणे, कांद्याच्या चाळीत हात घालणे ही कामेही अशीच जोखमीची. मण्यार तर जमिनीवर झोपलेल्या माणसाला घरात येऊन चावते.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली. वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतले बहुतेक मृत्यू खेड्यांत झाले आणि बळी गेले ते प्रामुख्याने शेतावर राबणारे लोक. विषावर खात्रीचा उतारा प्रतिविष हाच आहे. हे प्रतिविष बनवणारा एक कारखाना पारनेरला लागून असलेल्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावला आहे. राळेगणसिद्धीच्या परिसरातल्या रुग्णाला मिळणाऱ्या कुपीमागे असलेली परंपरा मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सुरू होते.

परळची प्रयोगशाळा

१८९० साली बर्लिनमध्ये एमिल फॉन बेहरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवून दिले, की धनुर्वाताचे विष थोडे थोडे टोचून सवय झालेल्या प्राण्याचे रक्तजल दुसऱ्या प्राण्याला दिले, तर तो दुसरा प्राणीही त्या विषापासून वाचतो. रक्तजलात विषाला मारणारे काहीतरी तयार होते, एवढेच तेव्हा कळले होते. या शोधपरंपरेसाठी बेहरिंग यांना १९०१ चे वैद्यकातले पहिले नोबेल पारितोषिक मिळाले. फ्रान्समध्ये अल्बेर काल्मेत यांनी १८९५ च्या सुमारास हीच रीत नागाच्या विषाला लावली आणि घोड्याच्या रक्तातून पहिले प्रतिविष काढले.

महाराष्ट्राचा या शास्त्राशी संबंध गुरांमुळे आला. बुळकांडीसारख्या साथींनी जनावरे पटापट मरत होती. त्यावर संशोधनासाठी १८८९ साली पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. काही वर्षांतच ती हिमालयाच्या पायथ्याच्या टेकड्यांत मुक्तेश्वरला हलली आणि तेथे बुळकांडीवरच्या रक्तजलाची निर्मिती सुरू झाली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ती हीच.

मुंबईत १८९६ साली प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका छोट्या जागेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. ऑगस्ट १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावात लशीच्या एका बाटलीतून टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. दोष प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पद सोडावे लागले. बाटली गावात उघडताना दूषित झाली होती, हे पुढे स्पष्ट झाले आणि १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले. धनुर्वाताचा जंतू मातीत आणि घोड्याच्या लिदीत राहतो, आणि त्याच्या विषावरचा उतारा घोड्याच्याच रक्तातून निघतो. परळच्या संस्थेला धनुर्वाताचा हा धडा फार लवकर आणि फार महागात मिळाला. १९२५ मध्ये संस्थेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले.

सर्पविषाच्या अभ्यासातही मुंबईचा वाटा आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत येथे काम केलेले कॅप्टन जॉर्ज लॅम्ब यांनी नागाच्या विषावर तयार केलेले रक्तजल घोणशीच्या विषावर चालत नाही, हे प्रयोगांनी दाखवले. एकच प्रतिविष सर्व सापांवर लागू पडेल, ही काल्मेत यांची अपेक्षा त्यामुळे मागे पडली. भारतातल्या प्रतिविषात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषांवरचे प्रतिपिंड एकत्र असावे लागतात, यामागचे कारण हेच.

देशात प्रतिविषाची पहिली नियमित निर्मिती कसौलीच्या केंद्रीय संशोधन संस्थेने केली. साहिब सिंग सोखे १९३२ ते १९४९ या काळात हाफकिन संस्थेचे संचालक होते. लस आणि औषधे देशातच स्वस्तात बनली पाहिजेत, या आग्रहाने त्यांनी संस्थेतील उत्पादनाचा व्याप वाढवला आणि १९४० च्या दशकात रक्तजलनिर्मितीलाही तेथे बळ मिळाले. पु. ज. देवरस यांच्यासारख्या सर्पशास्त्रज्ञांनी परळच्या सर्पालयात सापांचा आणि विषांचा अभ्यास पुढे नेला. १९७० च्या दशकात संशोधन आणि उत्पादन वेगळे करण्यात आले. उत्पादनाची जबाबदारी हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे गेली आणि महामंडळाचे घोडे व प्रतिविषाचे काम पिंपरीला चालू राहिले.

तबेल्यातले काम

या उद्योगाचा दुसरा धागा पुण्याच्या घोडदौडीशी जोडलेला आहे. पूनावाला कुटुंबाचा शर्यतीच्या घोड्यांच्या पैदाशीचा व्यवसाय १९४० च्या दशकापासून चालत होता. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे रक्तजल काढण्यासाठी हाफकिन संस्थेला दिले जात. आपले घोडे जेथे जातात ते काम आपणच का करू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी १९६६ साली हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया सुरू केली. संस्थेची पहिली उत्पादने धनुर्वातावरच्या रक्तजलासारखी होती आणि तिच्या नावातच ‘सीरम’ आले ते त्यामुळे.

रक्तजलाच्या घोड्याची निगा हे कसबाचे काम आहे. आधी घोडा निरोगी आहे, याची खात्री केली जाते. मग विषाचा अगदी अल्प डोस, प्रतिकार वाढवणाऱ्या सहायक द्रव्यात मिसळून, कातडीखाली टोचतात. काही आठवड्यांच्या अंतराने डोस वाढवत नेतात. जे विष आरंभी घोड्याला मारू शकले असते, त्याच्या कित्येक पट विष काही महिन्यांनी तो सहन करू लागतो. रक्तातील प्रतिपिंडाची पातळी पुरेशी चढली की मानेच्या शिरेतून रक्त घेतात, रक्तद्रव वेगळे करतात आणि तांबड्या पेशी घोड्याला परत देतात. त्यामुळे तो अशक्त होत नाही आणि वर्षानुवर्षे उपयोगी पडतो.

रक्तद्रवातून प्रतिपिंड निवडून काढण्यासाठी पूर्वी क्षारांनी साका पाडत, आता त्या कामासाठी इतर रसायनेही वापरतात. पेप्सिन या पाचक विकराने प्रतिपिंडाची शेपटी कापली जाते, कारण माणसाच्या शरीरात घोड्याच्या प्रथिनाचा तो भाग विनाकारण त्रास देतो. शेवटी द्रव गोठवून वाळवतात आणि पांढरी भुकटी कुपीत भरतात. शीतपेटी नसलेल्या खेड्यातही ती टिकते. भारतीय मानकाप्रमाणे या प्रतिविषाच्या एका मिलिलिटरने नागाचे आणि घोणशीचे प्रत्येकी ०.६ मिलिग्रॅम, तर मण्यार आणि फुरशाचे प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ झाले पाहिजे. कुपी दहा मिलिलिटरची असते. विषबाधेची लक्षणे दिसणाऱ्या रुग्णाला सुरुवातीलाच आठ ते दहा कुप्या द्याव्या लागतात.

लागणारे विष तामिळनाडूतील इरुला सर्पमित्रांच्या १९७८ साली स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून मोठ्या प्रमाणात येते. लाल विंचवाच्या विषावरचे प्रतिविषही हाफकिनमध्ये तयार झाले. कोकणात महाडला विंचूदंशाच्या रुग्णांवर आयुष्यभर काम केलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत प्राझोसिन या औषधाला या प्रतिविषाची जोड दिल्यावर रुग्ण लवकर बरे होताना दिसले.

या सगळ्या कसबात एक गोष्ट माणसाच्या हाताबाहेर होती. एक घोडा भरपूर प्रतिपिंड देई, दुसरा त्याच डोसाला थंड प्रतिसाद देई. टोचण्यांचे वेळापत्रक अनुभवाने ठरे आणि पेशीच्या आत काय घडते, याचा अंदाजही नव्हता. त्याचे उत्तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिळाले.

प्रतिपिंडाची घडण

१९५९ च्या सुमारास ब्रिटनमध्ये रॉडनी पोर्टर आणि अमेरिकेत जेराल्ड एडेलमन यांनी प्रतिपिंडाचा रेणू सुटा करून पाहिला. त्यात दोन सारख्या जड साखळ्या आणि दोन सारख्या हलक्या साखळ्या असतात. वायच्या दोन टोकांशी विषाला ओळखणारा बदलता भाग असतो, देठाकडचा भाग स्थिर असतो. या कामासाठी दोघांना १९७२ चे नोबेल मिळाले.

कोट्यवधी वेगवेगळे प्रतिपिंड बनवण्यासाठी तितकीच जनुके असणे अशक्य होते. हे कोडे सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ साली बासेल येथे सोडवले. प्रतिपिंडाचे जनुक जन्मतः अखंड नसते, त्याचे सुटे खंड गुणसूत्रावर ओळीने मांडलेले असतात. माणसात जड साखळीसाठी सुमारे चाळीस उपयोगी व्ही खंड, वीसेक डी खंड आणि सहा जे खंड आहेत. बी पेशी, म्हणजे प्रतिपिंड बनवणारी पेशी, घडताना प्रत्येक गटातला एकेक खंड निवडला जातो, मधला डीएनए कापून टाकला जातो आणि तुकडे जोडून एक नवे जनुक तयार होते. प्रत्येक बी पेशीची जोडणी वेगळी, म्हणून तिचे प्रतिपिंडही वेगळे. तोनेगावा यांना १९८७ चे नोबेल मिळाले.

जनुकाचे दार

जनुक असणे आणि जनुक चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यकृताच्या पेशीत, स्नायूत, त्वचेत प्रतिपिंडाचे सर्व खंड असतात, पण त्यांतून प्रतिपिंड कधीच बनत नाही. जनुकातला मजकूर आधी आरएनएमध्ये उतरवला जातो, या क्रियेला प्रतिलेखन म्हणतात. त्या आरएनएवरून मग प्रथिन विणले जाते. आरएनए पॉलिमरेज हे विकर प्रतिलेखन करते. ते कोठे बसणार, कोणत्या दिशेने निघणार आणि किती वेळा निघणार, हे जनुकाच्या लगेच आधीच्या डीएनएवर अवलंबून असते. तो डीएनए म्हणजे प्रवर्तक.

दारे धरणाऱ्याला हे सहज समजेल. पाट भरून वाहत असला तरी पाणी त्याच वाफ्यात जाते ज्याचे दार फोडले आहे, आणि दार जितके फोडावे तितकेच जाते. पॉलिमरेज पेशीत सगळीकडे असते. कोणत्या जनुकात ते उतरणार आणि किती, हे प्रवर्तकाचे दार ठरवते.

प्रतिपिंडाच्या प्रत्येक व्ही खंडाला स्वतःचा प्रवर्तक असतो. तो अगदी लहान असतो. प्रतिलेखन जेथे सुरू होते त्याच्या पंचवीस-तीस अक्षरे आधी बहुधा ‘टाटा’ नावाने ओळखला जाणारा क्रम आढळतो आणि पॉलिमरेजला जागा दाखवणारी प्रथिने त्यावर बसतात. हा क्रम इतर अनेक जनुकांतही आढळतो, त्यामुळे प्रतिपिंड फक्त बी पेशीतच का बनते, याचे उत्तर त्यात नव्हते.

आठ अक्षरे

ते उत्तर १९८४ साली मिळाले. वेगवेगळ्या प्रतिपिंड-जनुकांचे प्रवर्तक एकाखाली एक मांडल्यावर ट्रिस्ट्रम पार्स्लो यांच्या अमेरिकेतील आणि हान्स झाखाऊ यांच्या जर्मनीतील गटाला सर्वांत एक समान खूण दिसली. ती टाटा क्रमाच्याही मागे, प्रारंभबिंदूच्या साधारण सत्तर अक्षरे आधी होती. जड साखळीच्या जनुकात ती ए-टी-जी-सी-ए-ए-ए-टी अशी वाचता येते, तर हलक्या साखळीच्या जनुकात तीच उलट दिशेने, म्हणजे ए-टी-टी-टी-जी-सी-ए-टी अशी. आठ अक्षरांची म्हणून तिला ऑक्टामर म्हणतात. उत्क्रांतीत ही खूण इतकी जपली गेली आहे, की माणूस आणि उंदीर यांच्याप्रमाणेच माशांच्या प्रतिपिंड-जनुकांतही ती सापडते.

तिचे महत्त्व प्रयोगांनी सिद्ध झाले. या आठ अक्षरांत बदल केला, तर बी पेशीत जनुकाचे प्रतिलेखन एकदम खाली येते. उलट, ज्या प्रवर्तकाचा प्रतिपिंडाशी संबंध नाही त्याच्या आधी ही अक्षरे बसवली, तर तो बी पेशीत जोमाने काम करू लागतो. दार कोणत्या वाफ्याचे आहे, हे या आठ अक्षरांवरून ओळखले जाते.

ती अक्षरे वाचणारी प्रथिनेही सापडली. ऑक्ट-१ जवळजवळ सर्व पेशींत असते, ऑक्ट-२ मुख्यतः बी पेशींत. पण ऑक्ट-२ नसलेल्या उंदरांच्या बी पेशींतही प्रतिपिंड-जनुके बऱ्याच अंशी चालत राहिली. उलगडा १९९० च्या दशकात झाला. बी पेशींत ओका-बी नावाचे आणखी एक सहायक प्रथिन असते. ते ऑक्टामरवर बसलेल्या ऑक्ट-१ किंवा ऑक्ट-२ या दोहोंपैकी कोणालाही येऊन मिळते आणि प्रतिलेखनाला जोर देते. ओका-बी नसलेल्या उंदरांत लसीला सशक्त प्रतिसाद देणारी जननकेंद्रे तयारच होत नाहीत. पेशीची ओळख अशी खुणेत, खूण वाचणाऱ्यात आणि त्याच्या सहायकात मिळून साठवलेली असते.

दूरचे वर्धक

प्रवर्तक एकटा दुबळा असतो. हे समजले ते १९८३ साली, जेव्हा जड साखळीच्या जनुकाच्या पोटात, जे खंड आणि स्थिर भाग यांच्या मधल्या डीएनएत, एक वेगळाच क्रम सापडला. वॉल्टर शाफनर, तोनेगावा आणि मायकेल न्यूबर्गर यांच्याशी संबंधित तीन गटांनी तो जवळजवळ एकाच वेळी ओळखला. हा क्रम उलटा केला किंवा शेकडो अक्षरे दूर नेला तरी प्रतिलेखन वाढवतो, पण तो बी पेशीतच. त्याला वर्धक म्हणतात. प्राणिपेशीच्या स्वतःच्या जनुकात सापडलेला, विशिष्ट पेशीतच काम करणारा हा पहिला वर्धक होता.

यामुळे खंडांच्या जोडणीचा आणखी एक अर्थ उघड झाला. जोडणीपूर्वी व्ही खंडाचा प्रवर्तक वर्धकापासून फार दूर असतो आणि जवळजवळ निद्रिस्त असतो. जोडणी होताच मधला डीएनए नाहीसा होतो, निवडलेला व्ही खंड आपल्या प्रवर्तकासह वर्धकाजवळ येतो आणि त्याचे दार सताड उघडते. ओळीतले बाकीचे व्ही खंड लांबच राहतात. एका बी पेशीने एकच प्रतिपिंड मोठ्या प्रमाणात बनवावे, याची ही सोय आहे.

हलक्या साखळीच्या कप्पा जनुकातल्या वर्धकाचा अभ्यास करताना रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांना १९८६ साली एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन सापडले. आज ते दाह आणि प्रतिकारशक्तीच्या सर्व अभ्यासाच्या केंद्रस्थानी आहे. वर्धकाची ताकद घातकही ठरू शकते. बर्किट लिम्फोमा या कर्करोगात गुणसूत्रांचे तुकडे चुकीचे जोडले जाऊन पेशीवाढीचे मिक हे जनुक प्रतिपिंडाच्या वर्धकांच्या ताब्यात जाते आणि बी पेशी अनिर्बंध वाढत राहते.

या ज्ञानाच्या उजेडात पिंपरीच्या घोड्याकडे पाहिले, तर त्याच्या शरीरातली प्रक्रिया स्पष्ट होते. विषाच्या प्रत्येक टोचणीने त्या विषाला ओळखणाऱ्या बी पेशी निवडल्या जातात, वाढतात आणि त्यांतल्या काहींच्या प्लाझ्मा पेशी होतात. ब्लिम्प-१ या नियामकाच्या हुकमतीखाली प्लाझ्मा पेशी बाकीची बरीच कामे बंद करते, प्रतिपिंडाचे प्रतिलेखन शिगेला नेते आणि सेकंदाला हजारो रेणू रक्तात सोडते. मात्रा वाढवत नेण्याचे जुने वेळापत्रक म्हणजे अशा पेशींची संख्या आणि दर्जा वाढवण्याची अनुभवसिद्ध रीत होती.

हॅमस्टरची पेशी

१९७५ साली केंब्रिजमध्ये जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टीन यांनी उंदराची बी पेशी आणि अमर्याद वाढणारी मायलोमा पेशी यांचा संकर घडवला. एकाच बी पेशीचे एकच प्रतिपिंड त्यामुळे हवे तितके दिवस मिळू लागले. त्याला एकाच पेशीच्या वंशाचे म्हणून मोनोक्लोनल म्हणतात. मायलोमा ही मुळात प्लाझ्मा पेशीच असल्यामुळे संकरित पेशीत ऑक्टामर वाचणारी प्रथिने हजर होती आणि प्रतिपिंडाचा मूळ प्रवर्तक आपोआप चालत होता. पण उंदराचे प्रतिपिंड माणसाचे शरीर परके मानते. म्हणून मानवी जनुके काढून ती दुसऱ्या सोयीच्या पेशीत बसवण्याचा मार्ग पुढे आला.

ती सोयीची पेशी चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून १९५७ साली थिओडोर पक यांनी वेगळी केली होती. ती द्रवात मोकळी वाढते, मोठ्या पात्रात टिकते आणि माणसाशी बरीच मिळतीजुळती शर्करा प्रथिनाला जोडते. पुण्यात १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेले राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र अशा पेशी जपण्याचे आणि देशभरच्या प्रयोगशाळांना पुरवण्याचे काम करते.

येथे प्रवर्तकाचा प्रश्न थेट समोर येतो. अंडाशयाच्या पेशीत ऑक्ट-२ आणि ओका-बी नसतात. प्रतिपिंडाचे जनुक त्याच्या मूळ प्रवर्तकासह तीत घातले, तर दार ओळखणारेच कोणी नसते. म्हणून जनुक तेच ठेवून दार बदलतात. सर्वाधिक वापर होतो तो मानवी सायटोमेगॅलोव्हायरसच्या प्रवर्तकाचा. कोणत्याही पेशीत शिरताच आपली जनुके वेगाने चालवणे ही विषाणूची गरज असते, त्यामुळे त्याचा प्रवर्तक आणि त्याला लागून असलेला वर्धक बहुतेक पेशींत प्रबळ ठरतो.

प्रबळ प्रवर्तकालाही मर्यादा असतात. महिनोन्‌महिने पेशी वाढवत नेल्या की पेशी या परक्या क्रमावर मिथाइल गट चढवते, तो हळूहळू मुका होतो आणि उत्पादन घसरते. म्हणून काही ठिकाणी हॅमस्टरच्या स्वतःच्या इलाँगेशन फॅक्टर जनुकाचा प्रवर्तक घेतात, कारण तो पेशीच्या नित्य गरजेचा असल्याने सहसा बंद पडत नाही. जनुक गुणसूत्रावर कोठे बसले, यावरही बरेच अवलंबून असते. घट्ट गुंडाळलेल्या भागात गेलेल्या जनुकाचा उत्तम प्रवर्तकही निकामी ठरतो.

दोन साखळ्यांचा तोल ही आणखी एक अट. जड साखळी एकटी पेशीबाहेर पडू शकत नाही. हलकी साखळी येऊन जोडली जाईपर्यंत बिप नावाचे प्रथिन तिला धरून ठेवते. म्हणून हलकी साखळी किंचित जास्त बनेल, अशा बेताने दोन्हींचे प्रवर्तक निवडतात. नवे जनुक स्वीकारलेल्या पेशी निवडता याव्यात म्हणून सोबत घातलेल्या निवडीच्या जनुकाला मात्र मुद्दाम दुबळा प्रवर्तक देतात. ज्या पेशीत नवे जनुक चांगल्या जागी बसले आहे तीच मग कठीण परिस्थितीत तग धरते आणि जास्त उत्पादन देणाऱ्या पेशी आपोआप वेगळ्या पडतात.

१९८० च्या दशकाच्या मध्यास अशा पेशी लिटरमागे सुमारे ५० मिलिग्रॅम प्रथिन देत. वीस वर्षांत हे प्रमाण कित्येक ग्रॅमवर गेले. त्यात पोषक द्रव्याचा आणि पेशींच्या दाट वाढीचा वाटा मोठा आहे, तरी चांगल्या प्रवर्तकाशिवाय त्यांचा उपयोग झाला नसता.

पुण्यातील रेबीजविरोधी प्रतिपिंड

महाराष्ट्रात या नव्या रीतीचे ठळक फळ रेबीजवर मिळाले. भारतात या रोगाने दरवर्षी सुमारे वीस हजार माणसे मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज राहिला आहे. कुत्रा खोलवर चावला असेल तर लस काम करू लागेपर्यंतचे दिवस निभावण्यासाठी जखमेतच तयार प्रतिपिंड टोचावे लागतात. ते घोड्याच्या किंवा लस घेतलेल्या माणसांच्या रक्तातून येत. माणसाचे महाग आणि दुर्मीळ, घोड्याचे स्वस्त पण पुरवठा कायम अपुरा.

सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मासबायोलॉजिक्स या संस्थेसोबत मानवी मोनोक्लोनल प्रतिपिंड विकसित केले. मानवी प्रतिपिंड-जनुके बसवलेल्या उंदरांत ते शोधले गेले आणि नंतर त्याची जनुके हॅमस्टरच्या पेशीत नेण्यात आली. त्याच्या चाचण्यांत मुंबईच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांचा पुढाकार होता. २०० जणांवरील तुलनात्मक चाचणीत ते रक्तातून काढलेल्या मानवी प्रतिपिंडापेक्षा कमी पडले नाही. २०१६ साली भारतात त्याला परवाना मिळाला. घोड्याचे द्रव्य शरीराच्या किलोमागे ४० एकक आणि मानवी २० एकक द्यावे लागते, तर हे ३.३३ एकक पुरते. २०१८ पासून जागतिक आरोग्य संघटनेनेही अशा प्रतिपिंडांना पर्याय म्हणून मान्यता दिली आहे. घोड्यांपासून सुरू झालेल्या संस्थेने घोड्याविना रक्तातल्या प्रतिपिंडाची जागा भरून काढली.

सर्पदंश आणि घोडा

सर्पविषाच्या बाबतीत घोडा अजून निवृत्त झालेला नाही. रेबीजच्या विषाणूवर एक चांगले प्रतिपिंड पुरते. सापाचे विष मात्र अनेक प्रथिनांचे मिश्रण असते, मण्यार आणि नाग यांच्या विषांत मज्जातंतूंवर हल्ला करणारी प्रथिने ठळक असतात, तर घोणस आणि फुरसे यांच्या विषांत रक्त बिघडवणारी. एकाच जातीच्या सापाचे विषही प्रदेशागणिक बदलते. घोड्याचे शरीर या सगळ्यांवर एकाच वेळी हजारो प्रकारचे प्रतिपिंड बनवते. तितक्या पेशी वेगवेगळ्या वाढवून त्यांचे मिश्रण करणे आजच्या घडीला खेड्यातल्या रुग्णाच्या आवाक्यातले नाही. पिंपरी आणि नारायणगावची प्रतिविषे त्यामुळे आजही घोड्याच्या रक्तातूनच येतात.

वाट मात्र दिसू लागली आहे. २०२४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनगर आणि अमेरिकेतील स्क्रिप्स संस्थेच्या शास्त्रज्ञांनी एका मानवी प्रतिपिंडाचा शोध प्रसिद्ध केला. नागवर्गीय सापांच्या विषांतल्या एका मोठ्या गटाच्या मज्जातंतू-विषांना ते अडवते आणि उंदरांवरील प्रयोगांत ते वेगवेगळ्या खंडांतल्या सापांच्या विषांवर उपयोगी पडले. अशा मोजक्या प्रतिपिंडांचे मिश्रण विषाच्या मुख्य घटकांना पुरेसे ठरले, तर प्रत्येकाचे जनुक योग्य प्रवर्तकाखाली पेशीत बसवून सारखाच गुण असलेली कुपी बनवता येईल. घोड्याच्या प्रथिनामुळे येणारी पित्ताची गांधी, थंडी आणि कधी जीवघेणी ठरणारी ॲलर्जी तिच्यामुळे टळेल आणि आठ-दहा कुप्यांचे काम थोड्या मात्रेत होईल.

तोपर्यंत रात्री दारे धरायला गेलेल्या माणसाला साप चावला, तर त्याचा जीव वाचवणारे प्रतिपिंड एखाद्या घोड्याच्या प्लाझ्मा पेशीत, आठ अक्षरांच्या त्या जुन्या खुणेच्या आज्ञेने तयार झालेले असेल. मांत्रिकाकडे किंवा घरगुती उपायांत वेळ न घालवता लवकरात लवकर ते शरीरात पोचणे हाच त्याचा पुरेपूर उपयोग होण्याचा मार्ग आहे.